पडदा आणि नोंद : रिअॅक्टची मूलतत्त्वे

रेल्वेच्या आरक्षणासाठी संगणकावर किंवा हातातील फोनवर एखादे पान उघडले आहे, असे समजा. त्या पानावर चार प्रवाशांची नावे भरलेली आहेत. प्रत्येकाचे भाडे ४५० रुपये असल्यामुळे खाली एकूण रक्कम १,८०० रुपये अशी दिसते, आणि पानाच्या माथ्यावर 'प्रवासी : ४' असे लिहिलेले आहे. इतक्यात एका प्रवाशाचा बेत रहित होतो व त्याच्या नावापुढील 'काढा' हे बटण दाबले जाते. नाव नाहीसे होते, एकूण रक्कम १,३५० रुपये होते. परंतु माथ्यावर मात्र 'प्रवासी : ४' हेच शब्द कायम राहतात. तिकीट तिघांचे निघणार की चौघांचे, या प्रश्नाला आता एकाच पानावर दोन उत्तरे आहेत, आणि त्यांतील खरे कोणते हे ओळखण्यास पाहणाऱ्यापाशी काहीच साधन नाही.

हा दोष वरवर क्षुल्लक वाटला तरी त्याचे मूळ खोल आहे. एकच वस्तुस्थिती पडद्यावर अनेक ठिकाणी दाखवावयाची असते, आणि ती पालटली की ती सर्व ठिकाणे एकदमच पालटली पाहिजेत. हे काम आज्ञावली लिहिणाऱ्याच्या स्मरणशक्तीवर न सोपविता पद्धतशीरपणे कसे करून घ्यावे, या प्रश्नाला मिळालेले एक महत्त्वाचे उत्तर म्हणजे 'रिअॅक्ट' हे साधन होय. एचटीएमएल आणि जावास्क्रिप्ट यांची तोंडओळख असलेल्या नवशिक्या वाचकासाठी त्याच्या मूलतत्त्वांचे विवेचन येथे केले आहे.

दस्तऐवजापासून यंत्रापर्यंत

जिनीव्हाजवळील सर्न या संशोधनसंस्थेत काम करीत असताना टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ साली वेबची कल्पना मांडली, आणि १९९१ मध्ये ती संस्थेबाहेरील लोकांसाठी खुली झाली. त्या वेळचे वेबपान हे मुख्यतः वाचावयाचा दस्तऐवज होते. वाचावे, दुव्यावर टिचकी मारावी, दुसऱ्या पानावर जावे, एवढाच त्याचा व्यवहार. १९९५ साली नेटस्केप कंपनीत ब्रेंडन आइक यांनी जावास्क्रिप्ट ही भाषा तयार केली आणि उघडलेल्या पानातच बदल घडवून आणण्याची सोय झाली.

हा बदल कसा होतो हे समजण्यासाठी एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. ब्राउझर एचटीएमएलचा मजकूर वाचतो आणि त्यापासून स्मृतीत एक वृक्ष उभा करतो. मूळ पान हे या वृक्षाचे खोड. शीर्षक, यादी, रकाने, बटणे या त्याच्या फांद्या. आणि अक्षरे ही पाने. या वृक्षाला 'डॉम' असे म्हणतात. त्याचे पहिले प्रमाणित स्वरूप १९९८ साली प्रसिद्ध झाले. डॉममधील एखादी फांदी शोधावयाची आणि तिच्यावरील मजकूर पालटावयाचा, ही जावास्क्रिप्टची जुनी रीत. २००६ साली आलेल्या जेक्वेरी या संग्रहाने फांदी शोधण्याचे काम पुष्कळच सुलभ केले. तथापि कोणत्या प्रसंगी कोणकोणत्या फांद्या पालटावयाच्या, हे लक्षात ठेवण्याचा भार लिहिणाऱ्याच्याच माथी राहिला.

हा भार किती झपाट्याने वाढतो ते पाहावे. आरक्षणाच्या पानावर प्रवासी वाढविणे, काढणे, वर्ग बदलणे, सवलत लावणे आणि गाडी बदलणे अशा पाच क्रिया आहेत, आणि त्यांचा परिणाम सहा ठिकाणी दिसावयाचा आहे, असे धरल्यास तीस संबंध सांभाळावे लागतात. त्यात सातवे ठिकाण वाढविले की पाचही क्रियांची आज्ञावली पुन्हा तपासणे आले. त्यांपैकी एक जरी विसरली तरी माथ्यावर 'प्रवासी : ४' तसेच राहते.

अशी चूक केवळ नवशिक्यांच्या हातून होते असे नाही. फेसबुकच्या अभियंत्यांनी २०१४ साली एका जाहीर व्याख्यानात आपल्याच संकेतस्थळावरील एक दोष उदाहरणादाखल सांगितला होता. न वाचलेला एक संदेश आहे असा आकडा दिसे. उघडून पाहावे तर नवा संदेश कोणताच नसे. दोष दुरुस्त होई आणि काही काळाने पुन्हा डोके वर काढी. अशा वेळी दोष एखाद्या ओळीत नसून एकूण रचनेत असतो.

मूळ कल्पना

रिअॅक्टची निर्मिती फेसबुकमधील अभियंते जॉर्डन वॉक यांनी केली. २०११ मध्ये ते फेसबुकच्या वृत्तप्रवाहासाठी आणि २०१२ मध्ये इन्स्टाग्रामच्या संकेतस्थळासाठी वापरात आले. मे २०१३ मध्ये ते सर्वांसाठी मुक्त करण्यात आले.

त्यामागील कल्पना एका साध्या दृष्टांताने स्पष्ट होईल. एखाद्या कचेरीत एक नोंदवही आहे आणि भिंतीवर एक फळा आहे. वहीत नोंद झाली की फळ्यावरील संबंधित आकडे पुसून नवे लिहावयाचे, अशी एक रीत असू शकते. तीत कारकुनाला फळ्याचा कानाकोपरा पाठ असावा लागतो. दुसरी रीत अशी : कारकुनाने फळ्याला हात लावावयाचाच नाही. त्याने फक्त वहीत नोंद करावयाची, आणि वही पाहून संपूर्ण फळा कसा दिसावा याचा नियम एकदाच लिहून ठेवावयाचा. वही पालटली की त्या नियमानुसार फळा आपोआप नव्याने सिद्ध व्हावा.

रिअॅक्टने ही दुसरी रीत स्वीकारली आहे. पडद्यात कोणता बदल करावा हे त्यात सांगावयाचे नसते. अमुक नोंद असताना पडदा कसा दिसावा, एवढेच सांगावयाचे असते. गणिताच्या भाषेत पडदा हे नोंदीचे फलन आहे. नोंद एकच असली तर तिच्यापासून परस्परविरोधी दोन आकडे निघणे शक्यच नाही.

घटक आणि जेएसएक्स

सबंध पानाचा नियम एकाच जागी लिहिणे गैरसोयीचे असते. म्हणून पान लहान लहान भागांत विभागले जाते. अशा प्रत्येक भागास 'कंपोनंट', म्हणजेच घटक, म्हणतात. आपल्या उदाहरणात एका प्रवाशाची ओळ हा एक घटक, अशा ओळींची यादी हा दुसरा, भाड्याची बेरीज हा तिसरा आणि या सर्वांना पोटात घेणारे आरक्षणाचे पान हा चौथा. प्रवाशाच्या ओळीचा घटक एकदाच लिहावयाचा. चार प्रवासी असले की तो चार वेळा योजिला जातो.

घटक म्हणजे वस्तुतः जावास्क्रिप्टमधील एक साधे फंक्शन असते. ते काही माहिती घेते आणि पडद्याच्या त्या भागाचे वर्णन परत देते. त्याचे नाव रोमन लिपीतील मोठ्या अक्षराने सुरू करण्याचा दंडक आहे. नाव लहान अक्षराने सुरू झाल्यास रिअॅक्ट त्याला एचटीएमएलचा सामान्य टॅग समजते. हे वर्णन ज्या पद्धतीने लिहितात तिला 'जेएसएक्स' म्हणतात. दिसावयास ती एचटीएमएलसारखी असली, तरी ब्राउझरकडे जाण्यापूर्वी तिचे रूपांतर साध्या जावास्क्रिप्टमध्ये केले जाते.

२०१३ साली अनेक जाणकारांना ही पद्धत रुचली नव्हती. पानाची मांडणी आणि त्यामागील तर्क वेगवेगळ्या फायलींत ठेवावेत, ही तेव्हाची शिस्त होती. परंतु प्रवाशाच्या ओळीची मांडणी आणि त्या ओळीचा तर्क हे नेहमी जोडीनेच बदलतात. जे एकत्र बदलते ते एकत्र असावे, असा रिअॅक्टच्या पुरस्कर्त्यांचा युक्तिवाद होता, आणि पुढे तो बहुतेकांना पटला.

प्रॉप्स आणि स्टेट

घटकाला माहिती दोन वाटांनी मिळते. जी माहिती त्याला वरच्या, म्हणजे पालक घटकाकडून मिळते तिला 'प्रॉप्स' म्हणतात. यादी हा घटक प्रत्येक ओळीला प्रवाशाचे नाव आणि वय प्रॉप्सच्या रूपाने देतो. ही माहिती वाचावयाची असते, तीत फेरफार करावयाचा नसतो. त्याचप्रमाणे घटकाने वर्णन तयार करताना बाहेरच्या कोणत्याही वस्तूत ढवळाढवळ करू नये, अशी अपेक्षा असते. तीच माहिती दिली असता तेच वर्णन मिळाले पाहिजे.

जी माहिती घटक स्वतःजवळ बाळगतो आणि जी काळानुसार पालटते तिला 'स्टेट', म्हणजे अवस्था, म्हणतात. यासाठी 'यूज-स्टेट' नावाचे फंक्शन वापरतात. ते दोन वस्तू देते : अवस्थेचे प्रस्तुतचे मूल्य आणि ते बदलण्याचे साधन. येथे अशी शंका येईल की, यासाठी जावास्क्रिप्टमधील साधे चलपद का पुरत नाही? त्याची कारणे दोन आहेत. घटकाचे फंक्शन प्रत्येक वेळी आरंभापासून चालते, त्यामुळे त्यातील साधे चलपद मागचे मूल्य विसरते. शिवाय असे चलपद बदलल्याची वार्ता रिअॅक्टला लागत नाही. पडदा आहे तसाच राहतो. अवस्थेच्या बाबतीत मूल्य टिकून राहते, आणि ते बदलताच घटकाचे वर्णन नव्याने मागविले जाते.

आता प्रारंभीच्या दोषाकडे वळू. अवस्था म्हणून कोणत्या गोष्टी ठेवाव्यात? प्रवाशांची यादी, त्यांची संख्या आणि एकूण रक्कम या तिन्ही ठेवल्या, तर तिन्ही स्वतंत्रपणे बदलाव्या लागतील आणि जुना दोष नव्या वेषात परत येईल. नवशिक्याच्या हातून घडणारी ही सर्वांत सामान्य चूक होय. वास्तविक अवस्था म्हणून फक्त यादी ठेवावी. संख्या यादी मोजून मिळते. रक्कम त्या संख्येला भाड्याने गुणून मिळते. जे हिशेबाने काढता येते ते साठवू नये, या एकाच नियमाने निम्मे प्रमाद टळतात.

प्रत्येक चित्रण ही एक आवृत्ती

रिअॅक्ट घटकाचे फंक्शन चालवून वर्णन मिळविते, या क्रियेस 'रेंडर' म्हणतात. मराठीत तिला चित्रण म्हणता येईल. प्रत्येक चित्रण हे वर्तमानपत्राच्या आवृत्तीसारखे असते. सकाळची आवृत्ती छापून झाल्यावर दुपारच्या घटनांनी तिच्यातील मजकूर बदलत नाही; नवी वार्ता पुढील आवृत्तीत येते. त्याचप्रमाणे एका चित्रणातील अवस्थेचे मूल्य त्या चित्रणापुरते स्थिर असते.

याचा परिणाम प्रथमदर्शनी चमत्कारिक वाटतो. संख्या ४ असताना एकाच बटणाच्या क्रियेत 'संख्या अधिक एक अशी अवस्था करा' ही आज्ञा दोनदा दिली, तर उत्तर ६ न येता ५ येते. कारण दोन्ही आज्ञांच्या दृष्टीने संख्या ४ च असते. दोघीही '५ करा' असेच सांगतात. मागील मूल्यावर अवलंबून असलेला बदल करावयाचा असल्यास रिअॅक्टला मूल्य न देता कृती द्यावी, म्हणजे 'जे असेल त्यात एक मिळवा' असे सांगावे. मग ६ हे अपेक्षित उत्तर मिळते.

दुसरा नियम याद्यांविषयी आहे. अवस्थेतील यादी जागच्या जागी बदलू नये. तिची नवी प्रत करून ती बदललेली प्रत रिअॅक्टच्या स्वाधीन करावी. कारण रिअॅक्ट यादीतील एकेक नोंद चाळून पाहत नाही. मागची वही आणि आताची वही एकच आहे की निराळी, एवढेच ते पाहते. जुन्याच वहीत खाडाखोड करून ती पुढे केली, तर 'ही तर तीच वही' असे मानून ते पडद्याला हात लावीत नाही.

फरक शोधण्याची रीत

प्रत्येक बदलाला सगळा फळा पुसून पुन्हा लिहावयाचा, तर ते अत्यंत खर्चाचे होईल, असा आक्षेप साहजिक आहे. डॉममध्ये बदल केल्यावर ब्राउझरला मांडणीचे गणित पुन्हा करावे लागते. सामान्य पडदा सेकंदाला ६० वेळा ताजा होतो, म्हणजे एका वेळेस सुमारे १६ मिलिसेकंदच मिळतात.

यावर रिअॅक्टची तोड अशी आहे. घटकांकडून मिळालेले वर्णन हे डॉम नसून जावास्क्रिप्टमधील एक हलका आराखडा असतो. त्याला 'व्हर्च्युअल डॉम' असे नाव रूढ झाले आहे. नवा आराखडा जुन्याशी ताडून पाहिला जातो आणि जेथे फरक आढळेल तेवढाच भाग खऱ्या डॉममध्ये बदलला जातो. फळ्याचा नवा कच्चा मसुदा दरवेळी कागदावर लिहिला जातो. खडू मात्र भेद असेल तेथेच चालतो.

दोन वृक्षांतील किमान फरक काटेकोरपणे शोधण्याच्या सर्वसाधारण रीतींत लागणारे श्रम अंगांच्या संख्येच्या घनाच्या प्रमाणात वाढतात. पानावर १,००० अंगे असली तर सुमारे १ अब्ज तुलना कराव्या लागतील. म्हणून रिअॅक्ट दोन व्यवहारी गृहीतके धरून चालते. पहिले असे की, एखाद्या जागी अंगाचा प्रकारच बदलला असेल तर तेथील संपूर्ण उपवृक्ष टाकून नवा उभारावा. दुसरे असे की, यादीतील कोणती ओळ कोणती हे लिहिणाऱ्याने खुणेने सांगावे. या खुणेला 'की' म्हणतात. या गृहीतकांमुळे श्रम अंगांच्या संख्येच्या सरळ प्रमाणात राहतात.

'की'चे महत्त्व न ओळखल्यास काय घडते, हे पाहण्यासारखे आहे. यादीत पहिले काका, दुसऱ्या आजी, तिसरा नातू. प्रत्येक ओळ बर्थची निवड स्वतःच्या अवस्थेत ठेवते : काकांची वरची, आजींची खालची, नातवाची मधली. लिहिणाऱ्याने प्रत्येक ओळीची खूण म्हणून तिचा अनुक्रमांकच दिला आहे. आता काकांचे नाव काढले. रिअॅक्टला पूर्वी पहिली, दुसरी, तिसरी अशा खुणा दिसत होत्या. आता पहिली आणि दुसरी एवढ्याच दिसतात. तिसरी ओळ गेली, असा निष्कर्ष ते काढते. नावे वरून प्रॉप्सच्या रूपाने येत असल्यामुळे ती बरोबर सरकतात; परंतु पहिल्या ओळीची अवस्था पहिल्याच ओळीपाशी राहते. परिणामी आजींच्या नावापुढे वरची बर्थ आणि नातवाच्या नावापुढे खालची बर्थ दिसू लागते. संगणक कोणतीही तक्रार करीत नाही. यास्तव खूण म्हणून जागेचा क्रमांक न देता, त्या प्रवाशाबरोबरच राहणारा आणि न बदलणारा स्वतंत्र क्रमांक द्यावा.

माहितीचा एकेरी प्रवाह

रिअॅक्टमध्ये माहिती वरून खाली वाहते. खालच्या घटकाला वरची अवस्था परस्पर बदलता येत नाही. मग ओळीतील 'काढा' बटण यादी कसे बदलते? पालक घटक प्रॉप्समधून माहितीबरोबर एक फंक्शनही खाली देतो. बटण दाबले की ओळ ते फंक्शन चालविते, म्हणजे वर विनंती धाडते. अवस्था पालकाकडेच बदलते आणि नवी माहिती पुन्हा खाली येते. आकडा चुकला तर शोध कोठे घ्यावा, हे यामुळे ठरलेले असते.

एकच माहिती दोन भावंड घटकांना हवी असल्यास ती त्यांच्या जवळच्या सामाईक पालकाकडे न्यावी, हा येथील शिरस्ता आहे. माथ्यावरील संख्या आणि तळाची रक्कम या दोहोंना यादी लागते. म्हणून यादी आरक्षणाच्या पानाकडे असावी. बर्थची निवडही प्रत्येक ओळीपाशी न ठेवता यादीतील प्रवाशाच्या नोंदीतच ठेवली असती, तर आजींचा वरील प्रसंग उद्भवलाच नसता.

बाह्य जगाशी संबंध

फेब्रुवारी २०१९ मध्ये रिअॅक्टमध्ये 'हुक्स' नावाच्या फंक्शनांची भर पडली. यूज-स्टेट हे त्यांपैकीच एक. तत्पूर्वी अवस्था बाळगणारा घटक क्लासच्या रूपात लिहावा लागे. हुक नेहमी घटकाच्या वरच्या पातळीवर लिहावा, अटीत किंवा आवर्तनात लिहू नये, असा नियम आहे. कारण कोणती अवस्था कोणत्या हुकाची, हे रिअॅक्ट त्यांच्या क्रमावरून ओळखते.

'यूज-इफेक्ट' हा दुसरा महत्त्वाचा हुक होय. सर्व्हर, घड्याळ यांसारख्या बाहेरील वस्तूंशी घटकाचा मेळ ठेवणे हे त्याचे कार्य. गाडीचा क्रमांक बदलला की शिल्लक जागा सर्व्हरकडून मागवावयाच्या, हे त्याचे उदाहरण. येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. प्रवाशाने प्रथम एक गाडी निवडली आणि लगेच दुसरी निवडली, तर पहिल्या विचारणेचे उत्तर दुसरीच्या नंतर येऊ शकते, आणि दुसऱ्या गाडीच्या नावाखाली पहिलीच्या जागा दिसतात. म्हणून यूज-इफेक्टमधून आवराआवरीचे एक फंक्शन परत देण्याची सोय आहे. गाडी बदलताच ते चालते, आणि जुन्या विचारणेचे उत्तर आले तरी ते सोडून द्यावे अशी व्यवस्था त्यात करता येते.

सामर्थ्य आणि मर्यादा

रिअॅक्ट हे या क्षेत्रातील एकमेव साधन नाही. अँग्युलर, व्ह्यू आणि स्वेल्ट हीही प्रसिद्ध आहेत; स्वेल्टमध्ये तर व्हर्च्युअल डॉम मुळीच नाही. व्हर्च्युअल डॉम खऱ्या डॉमपेक्षा वेगवान असतो, हा समजही नेमका नाही. कुशल हाताने नेमकी फांदी शोधून केलेला बदल त्याहून जलद असू शकतो. त्याचा खरा लाभ असा की, पानाचा व्याप वाढला तरी पडदा नोंदीशी प्रामाणिक राहतो.

या सोयीची किंमतही द्यावी लागते. पान दिसण्यापूर्वी जावास्क्रिप्टचा मोठा ऐवज फोनवर उतरवावा लागतो. साधा फोन आणि मंद जोडणी असलेल्या गावी त्या वेळात कोरा पडदा पाहत बसावे लागते. म्हणून पहिले चित्रण सर्व्हरवरच करून पाठविण्याच्या पद्धती प्रचारात आल्या आहेत. केवळ वाचावयाच्या पानासाठी मात्र साधे एचटीएमएलच उत्तम.

आणखी एक मर्यादा विसरता कामा नये. पडदा हा ब्राउझरमधील नोंदीशी जुळेल, एवढीच हमी रिअॅक्ट देऊ शकते. ती नोंद सर्व्हरवरील नोंदीशी जुळते की नाही, हे पाहणे लिहिणाऱ्याचे काम आहे. पडद्यावर शेवटची जागा शिल्लक दिसत असताना ती दुसऱ्या गावच्या प्रवाशाला क्षणापूर्वीच दिली गेलेली असू शकते.

नवशिक्याने आरंभी एक लहानसे पान घ्यावे, आणि लिहावयास बसण्यापूर्वी कागदावर तीन प्रश्नांची उत्तरे लिहावीत : खरी नोंद कोणती, ती कोणाजवळ राहणार, आणि तिच्यापासून हिशेबाने काय काय काढता येईल. या प्रश्नांची उत्तरे नीट मिळाली, तर रिअॅक्टचे बहुतेक नियम त्यांतूनच उलगडत जातात. साधने काळानुसार बदलतील. परंतु पडद्यावरील आकड्यावर विश्वासून कोणी पैसे भरतो, कोणी प्रवासाला निघतो, आणि म्हणून तो आकडा खरा असला पाहिजे, हे प्रयोजन बदलणारे नाही.